शनीने पुसलेली त्रेसष्ट नावं

नारायण पेठेतल्या वधूवर मंडळाच्या जिन्यात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाच्या संगणकातून त्रेसष्ट नावं एकाएकी नाहीशी झाली होती आणि ती नेमकी लग्न रखडलेल्यांचीच.

"शनीने नावं पुसली. यंत्रालाही कळलं, तुम्हाला कळेना," असं मंडळात पत्रिका बघणारे त्रिकालनाथ महाराज शुक्रवारपासून बजावत होते. उतारा म्हणजे अकरा दिवस कडक उपास, औषधही वर्ज्य. शनी संगणक कुठल्या क्लासला शिकला, हे विचारण्याची बुद्धी एकाही पुणेकराला झाली नाही.

यादी सांभाळणारा अनिरुद्ध मात्र मान खाली घालून बसला होता. वर्ष उलटलेल्या नोंदींपैकी लग्न जमलेल्या तेवढ्या काढ, असं संचालिका द्वारकाबाईंनी गुरुवारी सांगितलं होतं. त्याने डिलीटची कमांड तीन ओळींत बरोबर लिहिली, पण चालवताना माउसने 'वर्ष उलटलेली नावं पुस' एवढ्या वरच्या दोनच निवडल्या. 'आणि लग्न जमलं असेल' ही तिसरी ओळ बाहेर राहिली. साहजिकच लग्न जमलेल्यांबरोबर वर्षभर ताटकळलेले त्रेसष्टजणही उडाले. नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसला आणि महाराजांचं आयतंच फावलं.

इतक्यात जिन्यातल्या रांगेतली पूर्वा कोसळली. चौतिशीची शिक्षिका, मधुमेही, पुसलेल्या नावांपैकीच एक. आईच्या हट्टापायी तिने दोन दिवस गोळ्या सोडल्या होत्या.

"शनी निघतोय, हात लावू नका," महाराज म्हणाले.

अनिरुद्धला स्वतःची शरम वाटली. त्याने रिक्षा बोलावून तिला दवाखान्यात पोचवलं. मग परत येऊन सगळ्यांसमोर पुसण्याआधी घेतलेल्या गुरुवारच्या बॅकअपच्या प्रतीवर त्याच दोन ओळी चालवल्या. जमलेल्यांबरोबर तीच त्रेसष्ट नावंही गेली. तिसरी ओळ धरून चालवल्यावर फक्त लग्न जमलेले गेले.

"शनी नव्हे, मी पुसली," तो म्हणाला. महाराजांनी काढता पाय घेतला.

संध्याकाळी दवाखान्यात त्याने पूर्वाची माफी मागितली. सलाइन लावलेल्या हाताकडे बघत ती कोरडेपणाने म्हणाली, "महाराजांना काहीच माहीत नव्हतं हो. तुम्हाला गुरुवारपासून माहीत होतं."

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो कसा घडला ते विचारा. आणि ज्याला ठाऊक असेल, त्याने कुणी कोसळेपर्यंत थांबू नये.