पुढच्या घरातलं माणूस

पुढच्या घरात माणूस नाही, वहिनीच असते, असं शेषाद्रीने बिल्डरला सांगितलं तेव्हा नागलक्ष्मी दारापुढच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसून भेंडी चिरत होती. बिल्डरने मान डोलावली आणि तिच्या पायांवरून टेप ओढत नेली.

घराचे दोन्ही भाग पाडून तिथे लॉज उभारायचा होता. मागचा भाग शेषाद्रीचा. पुढचा नवऱ्याने जाताना नागलक्ष्मीच्या नावे केलेला. पण मूलबाळ नसलेली विधवा सहीला कुठे नाही म्हणतेय, असं दिराने धरूनच ठेवलं होतं. याच दिराच्या पोरांचे लंगोट तिने धुतले, सासूचं अंथरुणातलं सगळं केलं. आणि म्हणे माणूस नाही! तिच्या अंगाची लाही लाही झाली.

त्याच दुपारी तिने भाचीला गाठलं. अखिला तंजावरच्या कोर्टात वकिली करायची. घर कुणाला दिलं तर शेषाद्रीच्या हाती कधीच लागणार नाही, एवढंच तिने विचारलं. देवाला, अखिला म्हणाली. प्रतिष्ठा केलेला देव कायद्याने व्यक्ती असतो. त्याच्या नावे घर करता येतं, तो दावाही लावतो. फक्त त्याला अज्ञान बालक धरतात, म्हणून पालक लागतो. मात्र एकदा दिलं की आत्याला दुखण्याबाण्यातही ते विकता यायचं नाही.

"न येवो," नागलक्ष्मी म्हणाली. "त्यास मिळूं नये, इतकंच मज पाहिजे."

तिच्या माजघरात प्रतिष्ठा केलेल्या मारुतीच्या नावे दस्त झाला. पालक नागलक्ष्मी, तिच्यामागे अखिला. देवाशी कोर्टकज्जा नको म्हणून बिल्डर पुन्हा फिरकला नाही.

शेषाद्री तणतणत आला. दगडाला घर दिलंत, घराण्याची शोभा केलीत, तोंडाला येईल ते बोलला. नागलक्ष्मीने ते सगळं अगदी चवीने ऐकलं. मग त्याचा आवाज खाली आला. मागच्या घराची पाण्याची लाइन फुटली होती, नवी टाकायची तर पुढचं अंगण खणावं लागणार होतं.

"वहिनी, तेवढं खणूं द्या."

"मी कोण देणार, भावजी? मी नुसती सांभाळत्यें. ज्याचं घर त्यास विचारायला पाहिजे."

"मग विचारा."

तिने माजघरात डोकावून पाहिलं.

"निजलाय. लेकरूं आहे, उठवूं नये. उद्या या."

भर सकाळ होती, आतली समई आत्ताच लावलेली. उद्याही तो निजलेलाच असणार, हे नागलक्ष्मीने तेव्हाच ठरवून टाकलं.