दाखवायचं अंडं

मी अंडं बोलतोय. हसू नका, मला कुठल्या कोंबडीनं घातलेलं नाही. एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. प्लास्टिकचा, मधोमध कापलेला, बलक दिसेल असा. माझ्याबरोबर पेटीत केळं, पाव, दुधाचा पेला, माशाचा तुकडा होता. आमचं काम एकच, दिसायचं.

आरोग्य केंद्रातल्या ताई पेटी घेऊन वस्तीच्या सभागृहात बायकांचा वर्ग घ्यायच्या. आधी थोडा व्यायाम, मग अन्न कसं झाकावं, हात कसे धुवावेत, आणि शेवटी आमची पाळी. ताई रिकामी ताटं मांडून म्हणायच्या, "चला, घरातल्यांना वाढा."

मी बहुतेक वेळा नवऱ्याच्या ताटात पडायचो, फार तर मुलाच्या. स्वतःचं ताट घ्यायचं बायकांना सुचायचंच नाही.

इस्त्रीवाल्या मावशी म्हणायच्या, "ताई, तुमचं अंडं बरंय. रोज वाढलं तरी संपत नाही."

वर्गात एक बटणवाली होती. नवरा कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे आणायचा, ही घरी बसून बटणं लावायची. पोटुशी होती. सगळ्यांत मन लावून ती ऐकायची. एकदा ताईंनी सांगितलं, सकाळपासून उघडं राहिलेलं अन्न रात्री खाऊ नका, बाळाला बाधेल. सरळ टाकून द्या.

"टाकवत नाही हो," मावशी म्हणाल्या. बटणवालीनं मात्र मान डोलावली.

त्यानंतर ती वाळतच गेली. एक दिवस व्यायामात हात वर करता करता भिंतीला टेकून खाली बसली. ताईंनी पाणी दिलं.

"काल रात्री काय जेवलीस?"

मावशींनी कोपरानं ढोसलं तेव्हा म्हणाली, "तुम्हीच सांगितलं ना, सकाळचं खायचं नाही. मी टाकून देते आता."

"अगं, मग ताजं खायचं."

"ताजं यांना, सासूबाईंना आणि मुलाला पुरतं. सकाळचं उरलेलं, ते माझं असायचं."

"चार घास जास्त शिजव."

"सासूबाई म्हणतात, बसून बटणं लावणाऱ्याला एवढी भूक कशी लागते?"

मी ताईंच्या हातात होतो. त्यांनी मला परत पेटीत ठेवलं. त्यांनी सांगितलेलं खरं होतं. पण ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्यांना वर्गाला कुणी बोलावलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी ताई पेटी घेऊन तिच्या घरी गेल्या. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाला काय वाढायचं, ते आता प्लास्टिकच्या अंड्याला विचारू का?"

नवरा गठ्ठा बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "औषध असेल तर लिहून द्या. आणतो."

"औषध नाही हो. जेवण," ताई म्हणाल्या. पुढच्या वर्गाला दोघांनी यावं म्हणून त्यांनी खूप गळ घातली.

वर्गाच्या दिवशी ताईंनी दोन ताटं जास्त मांडली. ती दोघं आली नाहीत. बटणवालीही आली नाही.

पुढे मावशींनीच बातमी आणली. "मुलगी झाली. वेळेआधी. राहिली नाही."

"आणि ती कशी आहे?"

"बसलीय बटणं लावत."

ताईंनी त्या दिवशी पेटी उघडली नाही. वर्षअखेरीला कार्यक्रमच बंद झाला. आता मी केंद्राच्या कपाटात जुन्या फलकांखाली पडून आहे. माझा बलक पांढुरका झालाय. माझ्यासारख्यानं कुणाचं पोट भरत नाही, ते दुःख मला नवं नाही.

पण तुमच्या घरी खरं अन्न शिजतं. म्हणून एक मागणं आहे. आज जेवायला बसाल तेव्हा घरात शेवटी कोण जेवतं ते आठवा. उठा, झाकण काढून भांड्यात तिच्यापुरतं आहे का ते बघा. मगच स्वतःला दुसऱ्यांदा वाढून घ्या.