नऊ कडवी

"गेस्टची गाडी अजून सिग्नलला आहे. गाणं स्ट्रेच कर!" लुसीच्या कानातल्या इअरपीसमध्ये डेरिक खेकसला.

ताणायला ते काय पिझ्झाचं पीठ होतं? खाली खाडीच्या पाण्यात माणूस होता.

दुबईत, बर दुबई भागातल्या धक्क्याला लावलेल्या लाकडी होडीवर हॉटेलनं मोती काढणाऱ्यांची जुनी कला मांडली होती. कार्यक्रम लुसीकडे होता. डेरिक तिचा साहेब. दोघंही वसईचे, पण गावची ओळख त्यानं विमानतळावरच टाकून दिली होती. होडीवर म्हातारा इद्रीस ढोल बडवत गात होता, दोर धरलेले चौघे साथ देत होते आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला इद्रीसचा पुतण्या अर्सलान पायाला दगड लावून तळाशी गेला होता.

इद्रीसचा आजा गुलाम होता, आफ्रिकेतून आणून विकलेला. तालमीच्या दिवशी चहा पिता पिता इद्रीसनंच लुसीला सगळं सांगितलं होतं. मालक सात कडवी मोजायचा, मगच दोर ओढू द्यायचा. खालच्यानं आधी दोर हलवला तर फटके. म्हणून खालचा आजारी असला की वरचे गुलाम एखाददुसरं कडवं गिळायचे. मालकाला त्यांची भाषा कुठे कळायची? त्यानं विचारलंच, तर सगळे एका तोंडानं सांगायचे, पुरी सात. इद्रीसच्या घरात खालचा माणूस आजही दोर हलवत नाही, ओढण्याच्या हाळीची वाट बघतो.

लुसीनं हे सगळं माहितीपत्रकात लिहिलं होतं. डेरिकनं 'गुलाम' खोडून 'कलाकार' केलं.

"किती झाली?" डेरिकनं विचारलं.

"चार. सर, अर्सलानला सकाळपासून सर्दी आहे. इद्रीसचाचा म्हणाले, सातच्या वर एकही नको."

"नऊ कर. नाहीतर त्यांचं कॉन्ट्रॅक्ट खलास, आणि तुझंही बघतो मी."

करामा भागातला भाड्याचा फ्लॅट, लेकीची, ट्रेसीची शाळा, सगळं लुसीच्या डोळ्यांपुढून गेलं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण दोन्ही हात वर करून इद्रीसला नऊ बोटं दाखवली.

इद्रीसनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग मान डोलावली.

पाचवं कडवं सुरू झालं. पाणी सपाट होतं. दोरावरचे हात घट्ट झाले. लुसीला आपलाच श्वास पुरेना. अजून चार, तिनं मनात मोजलं आणि स्वतःचीच किळस आली. "चाचा, बस!" ती ओरडली, पण ढोलापुढे तिचं कुणाला ऐकू येतंय?

सहावं कडवं आलंच नाही. इद्रीसनं एकदम हाळी दिली आणि चौघांनी दोर खेचला.

अर्सलान वर आला तो खोकतच, नाकातून रक्ताची धार. होडीचा काठ धरून तो हपापल्यासारखा श्वास घेत राहिला. जिवंत होता. लुसीच्या डोळ्यांत पाणी आलं. इद्रीस तिच्याकडे बघतसुद्धा नव्हता, आणि का ते तिला कळलं. आजा मालकाला जसं फसवायचा, तसं नातवानं आज तिला फसवलं होतं.

डेरिक धक्क्यावरून धावत आला. पाहुणा मागून येत होता.

"संपलं? म्हाताऱ्यानं गाणं छाटलं ना? खरं सांग, किती कडवी झाली?"

इद्रीसनं आता मान वर केली. दोरावरचे चौघेही तिच्याकडे बघू लागले.

"पुरी नऊ, सर," लुसी म्हणाली. "मी मोजली."