हात टिकला पायजे

"जल्ला तुजा हॉर्न! वाजव किती वाजवायचा तो. मी काय उतरनार नाय," पंढरी शिडीवरून ओरडला.

मिथुनची नवी कोरी गाडी शेडच्या तोंडाशी अडली होती. शेड गाडीसाठीच होती, दोन वर्षांपूर्वी पंढरीनेच उभारलेली. आणि आज हाच बाप तिला भिंती म्हणून प्लायवूड ठोकून पत्र्याखाली ग्लासवूलची जाड गादी बसवत होता.

"बाबा, मे महिना आहे. गाडी उन्हात ठेवू? कलर जाईल तिचा."

"मी तीस वर्सं तलोज्यात भाजलो. माजा कलर कुनी इचारला?"

"व्हता कवा तुमाला कलर?" दारातून काशी म्हणाली. नवऱ्याला टोमणा मारायची संधी तिने लग्नापासून सोडली नव्हती.

तीस वर्षं पंढरीने तळोज्याच्या कारखान्यांत लॅगिंग केलं. म्हणजे वाफेच्या पाइपांना ग्लासवूल गुंडाळायचं आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवायचा. काम संपलं की साहेब पत्र्यावर तळहात ठेवी. हात टिकला तर काम पास. साहेबाच्या आधी पंढरी आपला हात ठेवून बघे, आणि पत्रा किती तापलाय ते अचूक सांगे.

सुट्टीच्या दिवशी त्याला एकच नाद, भजनाच्या पेट्या दुरुस्त करायचा. आसपासच्या कुठल्याही गावची पेटी बिघडली की ती नावड्याला पंढरीच्या ओटीवर यायची. पण गेल्या मार्गशीर्षात त्याने लावलेली पेटी भर भजनात वरच्या पट्ट्यांना बेसूर बोलली. भजन गाणारे ज्योतिबाबुवा चारचौघांत म्हणाले, "पंढरी, तुजं कान गेलं." त्यानंतर एकही पेटी आली नाही. पंढरीच्या हे फार जिव्हारी लागलं.

"कान नाय गेलं! रस्त्यावरचं टँकर मदी येतान," असं त्याने पन्नासदा सांगितलं. शेवटी भांडून तीच पेटी परत आणली आणि सगळ्यांदेखत बोलून बसला, "शांत खोली बनवतो. तितं लावून दाखवतो. नाय जमलं तं मिथुनची गाडी आत आनि माजा नाद बंद."

चार दिवसांत खोली झाली. दाराच्या फटींना रबर लागलं. भर दुपारी पंढरी आत बसला आणि दार ओढून घेतलं. टँकर गेला तशी पायाखालची लादी थरथरली, पण आवाज म्हणून आला नाही. गारवाही कसा छान होता! "वा रे पठ्ठ्या," त्याने स्वतःलाच शाबासकी दिली.

पेटीत एका पट्टीखाली पितळेच्या दोन पात्या असतात. दोघींचा सूर एक व्हावा लागतो, नाहीतर आवाजात लाट उठते. खालून एकेक पट्टी लावत तो वर सरकला. शेवटच्या चार राहिल्या. त्यातली पहिली दाबली, तर काहीच नाही. पाती तुटली असेल म्हणून उघडून पाहिलं, तर दोन्ही धडधाकट. त्याने पुन्हा भाता मारून पट्टी दाबली.

मिथुन जेवणाचा डबा घेऊन आत आला. "बाबा, बंद करा ते! कान फुटले."

"वाजते?"

"वाजते म्हणजे? शिट्टी मारते नुसती."

पंढरीने पट्टीवरचं बोट काढलं. टँकरची सबब त्याने स्वतःच्याच हातांनी बाहेर काढून टाकली होती. तीस वर्षं वाफेचं किंचाळणं सोसलेल्या कानांना लॅगिंग कुणी केलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि पोरासमोर आलं याची लाजही वाटली.

मिथुनला सगळं कळलं. खाली बसून तो हलकेच म्हणाला, "राहू दे बाबा. मी गाडी नाही आणत आत. तुम्ही नुसते बसा इथे."

"नुसता बसू?" पंढरी ताडकन उठला. "बापाची कीव करतंस? भाता मार!"

त्याने पेटीवर डावा तळहात टेकवला आणि उजव्याने पट्टी दाबली. लाकूड हाताखाली गुणगुणत होतं, आणि त्यात लाट होती, वर चढणारी, खाली उतरणारी. त्याने पातीवर कानस फिरवली. लाट मंदावली. पुन्हा एक हलका हात फिरवला.

"मिथुन, हात ठेव. आता?"

"आता एकदम सरळ."

"मंग मार भाता. अजून तीन हायेत."

चार वाजता ज्योतिबाबुवा आले. डोळे मिटून खालपासून वरच्या शेवटच्या पट्टीपर्यंत त्यांनी बोटं फिरवली, दोनदा. "बसला रं सूर! कान जाग्यावर हायेत तुजं. उगाच बोललो मी."

मिथुनने बापाकडे पाहिलं. पंढरीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"कान गेलंच हायेत, बुवा. तुमी खरं बोललात," पंढरी म्हणाला. "ही हातानं लावलीय. बिघडलेल्या पेट्या पाठवा आता. आनि दार लावून घ्या, गरम हवा येते आत."

बुवांनी पंढरीला भाता मारायला लावला. एका हाताने पट्टी दाबत त्यांनी दुसरा तळहात पेटीवर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

बाहेर उन्हात मिथुन गाडीवर जुनी चादर पसरत होता. दुसरं टोक काशीने धरलं होतं.