दोघांनी दाबायचा शिक्का

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, म्हातारा आहे आणि माझा दांडा भयंकर ताठ आहे. या ताठपणामुळेच माझी गोष्ट झाली, म्हणून तो आधीच सांगून टाकला.

विवाह नोंदणीच्या कचेरीत मी शिक्का म्हणून काम करतो. शाईचा नाही हं! शाईवाले माझे चुलत भाऊ. दिवसभर थपाथप करतात आणि पाण्याचा थेंब पडला की पसरतात. मी दाबाचा. माझ्या जबड्यात कागद सरकवायचा आणि वरचा दांडा खाली दाबायचा. की झालं, कागदावर सरकारचं चिन्ह उठून येतं. रंग नाही, वास नाही. बोट फिरवलं की कळतं.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. कारागिरानं स्प्रिंग बसवली ती गरजेपेक्षा जास्तच कडक. शेजारचा म्हणाला, "अरे, दाबणार कोण हे?" तर हा म्हणतो, "सरकारी वस्तू आहे. सहजासहजी वाकली तर लोक हसतील."

कचेरीत आलो त्या पहिल्याच दिवशी कारकूनबाईंनी दांड्यावर सगळा भार टाकला. मी ढिम्म. समोर नवरा-नवरी ताटकळत उभे. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "तुमचं लग्न आहे ना? मग तुम्हीच दोघं मिळून दाबा. माझ्या मनगटात नाही दम." त्यांनी दाबला, मी खाली गेलो. तेव्हापासून आमच्या कचेरीत हीच रीत पडली. शिक्का जोडप्यानं मारायचा, दोघांचे हात एकावर एक ठेवून. घामेजलेले हात, नखं खाल्लेले हात, एकमेकांवर रागावून आलेले हातसुद्धा मी ओळखतो.

लोक माझे फोटो काढायचे. एका आजोबांनी तर माझा मुका घेतला होता. मग काय, चढलं माझ्या डोक्यात! मला वाटायला लागलं की लग्न माझ्यामुळे होतं. मी नाही म्हटलं तर नाही.

आमच्या साहेबांनाही थोडं तसंच वाटायचं. माणूस वाईट नव्हता. लाच नाही, वशिला नाही. त्यांचं एकच वाक्य सगळ्या कचेरीला पाठ होतं, "रांग म्हणजे रांग." एकदा एका मंत्र्याचा भाचा मधे घुसला, तर त्याला त्यांनी पार दारापर्यंत मागे धाडला होता.

आणि मग एक दिवस निकाल आला.

देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाचा निकाल. चहाच्या वेळी कारकूनबाईंनी मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवला. दोन पुरुष असोत की दोन बायका, त्यांनाही लग्न करता येईल. सरकारला लग्न नोंदवायचा अधिकार दिलाय, माणसं निवडायचा नाही. ज्या दारातून बाकीचे जातात, त्याच दारातून हेही जातील.

साहेबांनी कप खाली ठेवला. "वरून पत्र येऊ दे. मग बघू."

"निकालच वरून आलाय, साहेब. त्याच्या वर कोण बसतं?"

"बाई, असलं काही ठरवायचं तर लोकांनी निवडून दिलेल्यांनी ठरवावं. काळा झगा घातला म्हणून कोर्टानं कायदा करायचा का?"

साहेबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. देशात बरेच लोक तेच म्हणत होते. पण कारकूनबाई हळूच म्हणाल्या, "आणि आपल्याला कुणी निवडून दिलंय, साहेब?"

साहेबांनी मला उचललं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवार-रविवारची सुट्टी संपली आणि सोमवारी सगळ्यात आधी दोघी जणी आल्या. एक शहर बसची ड्रायव्हर, एक बेकरीवाली. बरीच वर्षं एका घरात राहणाऱ्या. मी कपाटात एका मोडक्या पंख्याशेजारी बसून सगळं ऐकत होतो.

"शिक्का दुरुस्तीला गेलाय," साहेब म्हणाले.

"कधी येईल?" ड्रायव्हरबाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"साहेब, हिचं हृदयाचं ऑपरेशन आहे, याच शनिवारी. ही बेशुद्ध असताना काही ठरवायचं झालं तर डॉक्टर जवळच्या नातेवाइकाला विचारणार. कागदोपत्री तो हिचा भाऊ. मला आत उभंसुद्धा करणार नाहीत."

"तो भाऊ माझ्या दारावरून जाताना रस्ता बदलतो," बेकरीवाली म्हणाली. "माझा जीव त्याच्या हातात? मी चहात साखर घेते का, हेही त्याला ठाऊक नाही."

"शिक्का आला की बघू," साहेब म्हणाले.

त्या बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. आता गंमत बघा मित्रांनो. कचेरीत शिक्का मी एकटाच. एकदा दुरुस्तीला गेला म्हटल्यावर तो सगळ्यांसाठीच गेला! येईल ते जोडपं बाकावर बसायला लागलं. दोघींना अडवायला घातलेलं कुलूप अख्ख्या गावाला लागलं.

"अहो, माझा हॉल बुक झालाय!" एक नवरदेव ओरडायचा.

"ओरडू नकोस रे, भूक लागेल. हा पाव खा," बेकरीवाली म्हणायची. बोलताना तिला धाप लागायची. ड्रायव्हरबाई दर वेळी तिच्याकडे बघायच्या आणि मग बंद कपाटाकडे.

शुक्रवारी साहेबांची धाकटी मुलगी आली, सोबत होणारा नवरा. नवऱ्याला परदेशात नोकरी लागली होती, विमान रविवारचं होतं. हा दिवस साहेबांच्या डोक्यात आधीपासून होता. पण ती आतल्या साहेबांच्या खोलीत गुपचूप शिक्का मारून न घेता सगळ्यांसारखी हॉलमध्ये येऊन उभी राहील, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मला टेबलावर ठेवलं.

बाकावरच्या सगळ्यांच्या माना वळल्या.

"अगं बाई!" ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "दुरुस्तीचं दुकान कपाटातच आहे होय?"

सगळा हॉल हसला. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईनं मुलीचा कागद माझ्या जबड्यात सरकवला. "चला, दाबा लवकर."

मुलीनं दांड्यावर हात ठेवला आणि विचारलं, "या सगळ्यात आधी कोण आलंय?"

"त्या दोघी," कारकूनबाई म्हणाल्या. "सोमवारपासून बसल्यात."

मुलीनं हात काढून घेतला. "रांग म्हणजे रांग, बाबा."

मला वाटलं, आता मी परत पंख्याशेजारी. किल्ली अजून साहेबांच्या मुठीतच होती. पण मला आत टाकलं तर लेकीचं लग्नही माझ्याबरोबर आत जाणार होतं. आणि ते वाक्य तर त्यांचंच. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग मुलीचा कागद त्यांनी बाजूला काढला. माफी नाही, भाषण नाही. नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, "पुढचं कोण?"

दोघी उठल्या. ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "तू नुसता हात ठेव गं, जोर मी लावते."

"आयुष्य पीठ मळण्यात गेलं माझं, आणि मला सांगते नुसता हात ठेव!"

एक हात स्टिअरिंगनं घट्टे पडलेला, एक भट्टीनं भाजलेला. कपाटातल्या ओलीनं मी जरा गंजलो होतो, करकरलो. पण दोघींनी असा दाबला की टेबल हललं. इतका खोल ठसा मी कधी उमटवला नव्हता.

मागून साहेबांच्या मुलीनं दाबला, मग हॉलवाल्या नवरदेवानं. संध्याकाळपर्यंत बाक रिकामा झाला.

पुढचं मला कसं कळणार? मी काही टेबल सोडून जात नाही. पण बऱ्याच दिवसांनी ड्रायव्हरबाई एकट्याच आल्या. कागद दवाखान्यानं ठेवून घेतला होता, त्यांना दुसरी प्रत हवी होती. कारकूनबाईंनी घाबरतच विचारलं, "कशा आहेत त्या?"

"घरी आहे. पाव नीट भाजला नाही म्हणून मला शिव्या घालते."

"म्हणजे बऱ्या आहेत."

"बरी आहे," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. प्रतीवर शिक्का मारायला जोडीदाराचा हात नव्हता, तर साहेब जागेवरून उठले आणि त्यांनी आपला हात लावला. पत्र वरून आलंय की नाही, ते मला अजून ठाऊक नाही.

मित्रांनो, उद्या नवे कायदे येतील, नवे निकाल येतील, नवे साहेबही येतील. ते बदलणं काही माझ्या हातात नाही. लग्न मी लावत नाही, झालेलं फक्त कागदावर उठवतो, एवढं मला आता कळलंय. तुमच्यातलं कुणी मोठं होऊन माझ्या टेबलाशी बसलंच, तर दोन गोष्टी करा. अधूनमधून तेल घाला. आणि मला कपाटात ठेवू नका, तिथं ओल फार आहे. गंज चढला की मग दोघांकडूनही मी दाबला जात नाही.