संगणकाचं सोवळं

कर्जतच्या भात सोसायटीसमोर त्या सकाळी जत्रा भरली होती. साल १९८८. सोसायटीत नवाकोरा संगणक आला होता, आणि विद्युतनाथ महाराज त्याची शांती करणार होते. दारात चपलांचा ढीग, आत उदबत्त्यांचा धूर, आणि काचेला नाक लावून उभं अर्धं गाव.

कोपऱ्यात चंद्रभागा उभी होती. जवळच्या कोंडाणे गावच्या बौद्धवाडीतली ही मुलगी परीक्षा देऊन ऑपरेटर झाली होती. तिच्या घराण्यातली ही पहिली खुर्ची. पण पावत्यांचा नवा प्रोग्राम बसवायला ती गेली की पडद्यावर इंग्रजीत उमटायचं, परवानगी नाही. अध्यक्षांचा भाचा नवशा गावभर सांगत सुटला, "यंत्र हात ओळखतं." कुठला हात, ते कुणी उघड बोललं नाही. सगळ्यांना कळलं मात्र बरोबर. आज ही शांती झाली की चंद्रभागेची खुर्ची नवशाला मिळणार होती.

"ह्या पेटीत साक्षात विद्युतशक्ती बसलेली हाय," महाराज पडद्याला भस्म फासत म्हणाले. "तिला सोवळं लागतं. डोळं मिटा. जो उघडील त्याचं मीटर जळंल."

मीटरच्या धाकानं सगळ्यांनी डोळे मिटले. चंद्रभागेनंही मिटले, पण कान काही मिटता येत नाहीत. कळांची टकटक येत होती; यंत्राजवळ बसलेला नवशा टाइप करत होता. यंत्रात शिरताना आधी आपलं नाव द्यावं लागे, आणि तिला तिचंच नाव द्यायला सांगितलं होतं. ते लांबलचक. आत्ताच्या टकटकीवरून मात्र नाव भलतंच आखूड होतं.

डोळे उघडले तेव्हा प्रोग्राम बसला होता. टाळ्या पडल्या. गर्दीतल्या अंबाबाईनं तर यंत्रालाच हळदकुंकू वाहिलं.

"पोरी, तू आता घरी जा गं," अध्यक्ष म्हणाले.

"जाते," चंद्रभागा म्हणाली. "पण पगाराच्या प्रोग्रामची फ्लॉपी बाकी हाय. ती महाराजांनी बसवावी. माझ्या नावानं."

"नावाचा काय संबंध?" नवशा घाईनं मध्ये पडला.

"नसंल तर बिघडलं काय रं?" संचालक धर्माजी गुरुजी पुढं आले. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. "हात बदलला का नाव बदललं, ते एकदा बघूच की."

चंद्रभागेनं आपलं नाव आणि आपला गुप्त शब्द दिला. गुरुजींनी महाराजांचं भस्म माखलेलं बोट धरून कळ दाबली. पडद्यानं महाराजांनाही तेच सुनावलं, परवानगी नाही. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"आता नवशा, मघाचं नाव टाक आणि बाजूला हो," गुरुजी म्हणाले.

नवशानं मामाकडं पाहिलं. मामा भिंतीकडं पाहत होते. शेवटी त्यानं नाव टाकलं. चंद्रभागेनं स्वतःच्या हातानं फ्लॉपी घातली, कळ दाबली. प्रोग्राम निमूट बसला.

गुरुजींनी नवशाला खोदून विचारलं. मग गुपित बाहेर पडलं. यंत्रात मालकाचं एक नाव असतं. त्या नावानं शिरणाऱ्याला नवा प्रोग्राम बसवता येतो, बाकीच्यांना फक्त रोजचं काम करता येतं. ते नाव नवशानं दाबून ठेवलं होतं, आणि महाराज त्यानंच आणले होते. उपाय एवढाच होता की चंद्रभागेच्या नावाला ती मुभा द्यायची. गुरुजींनी ती तिथंच द्यायला लावली. अध्यक्षांनी खुर्ची स्वतः पुढं ओढली, कारण सगळं गाव बघत होतं.

"मग चपला घालून आत यायचं का?" अंबाबाईनं विचारलं.

"नाय, काढायच्याच," गुरुजी म्हणाले. "पन धुळीसाठी. देवासाठी नाय."

महाराज मागच्या दारानं स्टेशनाकडं गेले. भस्म पुसायचं काम चंद्रभागेनं नवशाला दिलं.

वाचकहो, यंत्राला जात कळत नाही, विटाळ कळत नाही. ते दिलेला हुकूम पाळतं. तेव्हा तुमच्या हातानं दार बाटतं असं कुणी सांगितलं, तर माघारी फिरू नका. किल्ली कुणाच्या खिशात आहे ते आधी विचारा.