मागचे दोन शॉकअप

शिवरुद्रअप्पांनी पन्नाशी ओलांडल्यावर आपली उंच, ऐसपैस गाडी खाली बसवून घेतली, तेव्हा मानवतच्या मोंढा बाजारात चार दिवस दुसरा विषय नव्हता. कपाशीचा व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि गाडी मात्र कॉलेजच्या पोरांसारखी जमिनीला टेकलेली. अप्पांना उतारवयात हौस आली, असं लोक तोंडावर म्हणाले. अप्पा नुसते हसले. आपलं कारण आपल्यापाशी ठेवायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता.

कारण होतं त्यांची आई, चन्नबसम्मा. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती काठी घेऊन चालूही लागली, पण पाय वीतभराच्या वर उचलेना. उंच गाडीत चढणं संपलं. मग अप्पांनी पाथरी रोडवरच्या सिद्धोधन मिस्त्रीकडून गाडीला हवेचे शॉकअप टाकून घेतले. बटण दाबलं की हवा सोडत गाडी खाली बसायची, आई पलंगावर टेकावं तशी सीटवर टेकायची, आणि दुसरं बटण दाबलं की गाडी तिला घेऊन उठायची. आईला गाडीचं कौतुक, अप्पांना आईच्या कौतुकाचं.

या उन्हाळ्यात मागचे दोन्ही शॉकअप गेले. त्यांचे रबरी फुगे चिरले, हवा ठरेना, पंप नुसता घरघरत राही. चाक वरच्या पत्र्याला घासू लागलं आणि गाडी अडून पडली. सिद्धोधननं दिवाळीतच बजावलं होतं, "अप्पा, रबर चिरायलंय, बदलून घ्या." अप्पा म्हणाले होते, बघू. आता गाडी गॅरेजात उभी राहिली आणि पुण्याहून माल यायला पाच दिवस लागले.

पाचव्या दिवशी सकाळी पार्सल आलं. त्याच सकाळी सोनपेठहून मावसभावाचा, वैभवचा फोन आला. केशरबाई मावशीनं, आईच्या थोरल्या बहिणीनं, कालपासून पाणीही सोडलं होतं. "सारखं चन्नीला आणा, चन्नीला आणा करायलीय," वैभव म्हणाला. "आज आणा अप्पा. उद्याचं काय खरं न्हाई."

आईनं ऐकलं आणि लगेच काठी शोधली. "रिक्षा बघ," ती म्हणाली.

"रिक्षात एवढ्या लांब? हाडं खिळखिळी होतील तुझी. दुपारपर्यंत गाडी होतीय. गाडीतच नेतो."

"होऊ दे की खिळखिळी. आता काय करायचंय त्यांला?"

पण अप्पांनी ऐकलं नाही. आईला नीट, सुखानं न्यायचं, हे त्यांनी इतक्या दिवसांत डोक्यात पक्कं बसवून घेतलं होतं. आई पातळ बदलून ओट्यावर खुर्ची टाकून बसली आणि अप्पा मोटारसायकलवर गॅरेजला गेले.

सिद्धोधन नवे शॉकअप खोक्यातून काढून पुसत होता. हा माणूस कामाचा पक्का. त्याच्या हातून घाईनं काम होत नाही, पण गरज सांगितली तर जेवण सोडून काम करणारा. अप्पांना बघून त्यानं विचारलं, "घाईचं हाय का अप्पा?"

आता इथं माणसानं सरळ सांगावं की नाही? मावशी शेवटच्या घटका मोजायलीय, आई ओट्यावर बसलीय, हात चालव बाबा. एवढंच. पण मोंढ्यात तीस वर्षं काढलेला माणूस. समोरच्याला आपली गरज कळली की तो आपल्याला पिळणार, हे अप्पांच्या हाडीमांसी खिळलेलं. वर आणखी एक भीती, की घाई सांगितली तर हा काम कच्चं करेल. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "न्हाई न्हाई, घाई कसली. सावकाश कर. पण पक्कं कर."

मग काय, सिद्धोधननं सावकाश केलं. मागची चाकं काढली. जुन्या शॉकअपचा एक बोल्ट गंजून बसला होता, त्याला तेल सोडून तो चहा प्यायला बसला. बोल्ट आपोआप सैल होऊ द्यावा, हाणामारी करू नये, असं त्याचं म्हणणं. अप्पांनीही चहा घेतला.

अकराच्या सुमारास आईचा फोन. "कुठवर आलंय?"

"चालू हाय."

"मिस्त्रीला सांगितलंस का आक्काचं?"

अप्पा बाजूला सरकले आणि आवाज खाली करून म्हणाले, "सांगितलं ना. पळापळ करायलाय बिचारा."

साडेबाराला काम झालं. नळ्या जोडल्या, हवा भरली, सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवून बुडबुडा येतो का तेही पाहिलं. अप्पा किल्ली घ्यायला उठले, तर सिद्धोधन म्हणाला, "तासभर उभी राहू द्या. हवा धरती का बघू. बसली न्हाई तर न्या बिनधास्त."

अजूनही सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण सकाळी घाई नाही म्हणून बसलो, आता कोणत्या तोंडानं सांगायचं? तो विचारणार, मग तवा कामून न्हाई बोललात? एवढ्याशा लाजेपायी अप्पा पुन्हा बाकावर बसले आणि गाडीकडे बघत राहिले. गाडी बोटभरही खाली आली नाही. काम खरंच पक्कं झालं होतं.

वैभवचा फोन आला तेव्हा त्या तासातली चाळीस मिनिटं गेली होती. पलीकडून आधी नुसतं रडणं, मग, "गेली अप्पा. आत्ताच. दाराकडं बघत बघत गेली."

सिद्धोधननं काय झालं विचारलं, तेव्हा अप्पांनी सगळं सांगितलं आणि त्यानं ऐकून घेतलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"मला सांगायचं की अप्पा," तो हळूच म्हणाला. "ही माझी व्हॅन सकाळपासून दारात उभी हाय. बुटकी हाय, आईला आरामात बसता आलं असतं. मी सोडून आलो असतो."

अप्पांनी व्हॅनकडे पाहिलं. सकाळपासून तिच्याच सावलीत त्यांची मोटारसायकल लावलेली होती. आपण काय करून बसलो हे त्यांना त्या क्षणी पुरतं कळलं, आणि स्वतःची इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

गाडी घेऊन घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं. ती रडली नाही. बटण दाबल्यावर गाडी खाली बसली, आई टेकली, गाडी तिला अलगद घेऊन उठली. पाथरी रोडला लागल्यावर गॅरेज आलं तशी ती म्हणाली, "थांब जरा. त्याला बोलव."

सिद्धोधन हात पुसत खिडकीशी आला. आईनं त्याचे काळे हात आपल्या हातात घेतले. "लेकरा, सकाळपासून आमच्यासाठी लय पळापळ केलीस म्हणं. आक्काचंच नशीब न्हवतं. तू मनाला लावून घिऊ नको."

सिद्धोधननं एकदा अप्पांकडे पाहिलं. अप्पा स्टिअरिंगकडे बघत होते.

"माफ करा आई," सिद्धोधन म्हणाला. "माझ्याच्यानं लवकर झालं न्हाई."

आईनं त्याच्या हातावर थोपटलं. गाडी निघाली. रस्ता खराब होता, पण गाडीत खड्डा कळत नव्हता. दोन-चार किलोमीटर गेल्यावर अप्पांनी कसंबसं तोंड उघडलं. "आई, त्या सिद्धोधनची चूक..."

"असू दे रे," आई म्हणाली. "त्याच्यावर चिडू नकोस. उशीर झाला म्हणून तोंडानं कबूल केलं त्यानं. तेवढं बी कोण करतंय आजकाल?"

सोनपेठ अजून बरंच लांब होतं. तेवढ्या वाटेत अप्पा पुन्हा काही बोलले नाहीत.